ट्रेडिंगवाल्या सरांनी हप्ते थांबवलेत आणि बाबांनी नऊ नातेवाईक जोडलेत, तक्रार करायची का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, मध्येच वाचायला येणाऱ्यांसाठी. तुमचे बाबा ओझरच्या एचएएलमधून रिटायर झाले, ग्रॅच्युइटी-पीएफमधले १२ लाख त्यांनी कॉलेज रोडला ऑफिस थाटलेल्या एका 'ट्रेडिंग सरां'कडे दिले, महिन्याला ४ टक्के, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं ॲग्रीमेंट आणि वर सही केलेला बिनतारखेचा एक चेक. १४ महिने ४८ हजार वेळच्या वेळी आले. त्या जोरावर बाबांनी मामा, आत्याचे मिस्टर, सिन्नरचे चुलतभाऊ, कंपनीतले जुने सोबती असे नऊ जण आणले, त्यांचे सगळ्यांचे मिळून २८ लाख, आणि त्यावर बाबांना महिन्याला १ टक्का मिळायचा. आता दोन महिने सगळं बंद, सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, ऑर्डर आलीय असं व्हॉट्सॅपवर फिरतंय, आणि सर म्हणतायत की कोणी पोलिसात गेलं तर खाती फ्रीझ होतील, सगळ्यांचेच पैसे अडकतील, तीन महिने धीर धरा. तुम्ही विचारलंत, थांबायचं की तक्रार करायची, आणि सेबी पैसे परत देते का.

मी नाशिक कोर्टात सतरा-अठरा वर्षं वकिली करतोय, ठेवीदारांच्या बाजूने पुष्कळ केसेस केल्या आणि काही एजंटांच्या बाजूनेही. तुमचा मेसेज वाचून मला ते एजंटच आधी आठवले, कारण तुम्ही जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाहीये. बाबा या प्रकरणात कोण आहेत? घरात ते फसलेले आहेत हे खरंच आहे, पण तपास करणारा माणूस घर बघत नाही, तो बँक स्टेटमेंट बघतो.

कागद-पेन घ्या. बाबांनी दिले १२ लाख. व्याजाचे आले ४८ हजार गुणिले १४, म्हणजे ६ लाख ७२ हजार. नातेवाईक हळूहळू आले त्यामुळे कमिशन एकूण २ लाखाच्या आसपास आलं असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ८ लाख ७२ हजार परत आलेत आणि नुकसान ३ लाख २८ हजारांचं. आता मामा बघा, त्यांनी शेवटी शेवटी ५ लाख टाकले, दोनच हप्ते मिळाले, ४० हजार, त्यांचे गेले ४ लाख ६० हजार. ज्याने निम्म्याहून कमी घातले त्याचं नुकसान जास्त आणि ज्याच्या शब्दावर घातले त्याचं कमी. हा हिशोब मामा आज ना उद्या करणारच, तपासी अंमलदार तर पहिल्याच दिवशी करेल. म्हणून माझं पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आता सेबीचं. पहिल्यांदा ती 'ऑर्डर' खरंच ऑर्डर आहे का ते बघा. एनएसई, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्सचेंज, अधूनमधून अशा लोकांची नावं प्रेस नोट काढून जाहीर करतं जे शेअर बाजारात खात्रीशीर परतावा देतो म्हणून पैसे घेतात, ती नुसती सावधगिरीची सूचना असते, तिने कोणाचं खातं गोठत नाही. सेबीची ऑर्डर सेबीच्या वेबसाइटवर एन्फोर्समेंटच्या भागात पीडीएफमध्ये मिळते, त्यात कोणावर कोणत्या कलमाखाली काय बंदी आहे हे शेवटच्या परिच्छेदांत लिहिलेलं असतं. पूर्ण नाही वाचली तरी चालेल पण शेवटची दोन-तीन पानं बाबांनी स्वतः वाचावीत. अंतरिम आदेश आहे की अंतिम, बँकांना डेबिट थांबवायला सांगितलंय का, मालमत्ता विकायला मनाई आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव कोणाचं आहे, सरांचं स्वतःचं, त्यांच्या फर्मचं की दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या एखाद्या कंपनीचं. हे शेवटचं मी दोनदा बघितलंय, लोक ऑर्डर घेऊन नाचत येतात आणि ती निघते जुन्या कंपनीवरची, पैसे घेतलेत दुसऱ्याच खात्यात.

सरांकडे 'सर्टिफिकेट होतं' असं तुम्ही लिहिलंय. भिंतीवर फ्रेम केलेलं होतं ना? ते बहुतेक एनआयएसएमची, म्हणजे सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची, परीक्षा पास झाल्याचं असेल. ती परीक्षा तुम्हीही देऊ शकता, मीही देऊ शकतो, ड्रायव्हिंग थिअरी पास झालं म्हणजे ट्रॅव्हल कंपनीचं परमिट मिळालं असं होत नाही. उद्यम, शॉप ॲक्ट, जीएसटी, कंपनी रजिस्ट्रेशन, यातलं एकही लोकांचे पैसे गोळा करून गुंतवण्याचं लायसन्स नाहीये. सल्ला देऊन फी घ्यायची तर इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर म्हणून सेबीकडे नोंदणी लागते, तो नंबर आयएनए पासून सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच पासून, आणि दुसऱ्याचे पैसे स्वतः हाताळायचे म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजर, त्याचा आयएनपी. आणि गंमत अशी की पोर्टफोलिओ मॅनेजरला एका गिऱ्हाइकाकडून ५० लाखांच्या खाली घेताच येत नाहीत. त्यामुळे कोणी दोन लाखात 'पीएमएस', म्हणजे हीच पोर्टफोलिओ मॅनेजरची सेवा, देतोय म्हणाला की तिथेच विषय संपला, नंबर तपासायचीही गरज नाही. मोठ्या ब्रोकरचा ऑथोराइज्ड पर्सन आहे असंही सांगतात, असेलही, पण त्यालाही गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायची परवानगी नसते. ऑक्टोबर २०२५ पासून तर नोंदणी असलेल्या मध्यस्थांसाठी 'ॲट व्हॅलिड' असलेले खास यूपीआय आयडी आलेत, पण हे तुमच्यासाठी उशिराचं शहाणपण झालं, बाकी वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सरांनी केलं ते असं, बऱ्याच लोकांचे पैसे एका ठिकाणी जमा केले, नफ्यासाठी, कारभार सगळा त्यांच्या हातात, देणाऱ्याचा रोजच्या व्यवहारावर काही ताबा नाही. सेबी कायद्याच्या कलम ११एए मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनेची व्याख्या जवळपास हीच आहे, आणि अशी योजना नोंदणीशिवाय चालवताच येत नाही. सेबी इथे काय करू शकते तर धंदा थांबवणं, बाजारातून बाहेर काढणं, बँक आणि डिमॅट खाती गोठवणं, पैसे परत करायचा आदेश देणं, आणि नाही दिले तर वसुली अधिकाऱ्यामार्फत मालमत्ता जप्त करून विकणं. ऐकायला भारी वाटतं. पण मधे काय काय असतं ते बघा, अंतरिम आदेशावर उत्तर द्यायला वेळ, सुनावणी, अंतिम आदेश, त्यावर ४५ दिवसांत मुंबईला सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवरच्या अपील न्यायाधिकरणात, अपील, मग सुप्रीम कोर्ट. पीएसीएलचं उदाहरण घ्या, आपल्याकडे 'पर्ल्स' म्हणून एजंट घरोघर फिरायचे ते. सेबीचा आदेश ऑगस्ट २०१४ चा, रक्कम ४९,१०० कोटी. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्ती लोढांची कमिटी नेमायला सांगितली, आणि परताव्याची सुरुवात झाली ती २,५०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांपासून, मग पायरीपायरीने वरच्या रकमा. पॅनकार्ड क्लब्ज ही अशीच लोकांचे पैसे गोळा करणारी कंपनी नाशिककरांना सांगायला नको, तिथे २०१४ ला अंतरिम आणि २०१६ ला अंतिम आदेश, सात हजार कोटींच्या वरचा मामला. सेबी काही करत नाही असं मी म्हणत नाहीये, सेबीचं काम गळती बंद करणं आहे, सांडलेलं पाणी भरून देणं तिच्या हातात फार थोडं असतं. आणि एक, सेबीचं स्कोअर्स पोर्टल हे नोंदणी असलेल्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, तिथे सरांचं नाव शोधून सापडणार नाही, वैतागू नका. बेकायदा पैसे गोळा करण्याची खबर द्यायला रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आहे, तिथे टाकून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

तुमच्यासाठी खरा कायदा राज्याचा आहे, एमपीआयडी, १९९९ चा, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा. याचा फायदा असा की 'ठेव' या शब्दाची व्याख्या खूप रुंद आहे, ठरलेल्या मुदतीनंतर परत करायच्या बोलीवर पैसे घेतले की झालं, वर व्याज असो, नफा असो की नुसती सेवा. सर उद्या म्हणतील हे तर हातउसने होते, ॲग्रीमेंटमध्ये 'फ्रेंडली लोन' लिहिलंय, कुणी म्हणेल प्रॉफिट शेअरिंग. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६३ मून्स या कंपनीच्या केसमध्ये या व्याख्येचा अर्थ मोकळेपणानेच लावलाय, तेव्हा कागदावर नाव काय दिलंय याने फारसा फरक पडत नाही. तरी तुमच्या ॲग्रीमेंटची भाषा मी बघितलेली नाही, ती बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. गुन्हा दाखल झाल्यावर शासन अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं, महसूल खात्यातला एक अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून नेमला जातो आणि विशेष कोर्टाच्या परवानगीने ती विकून पैसे वाटले जातात. जप्ती सरांच्या नावावरच्या गोष्टींपुरती नसते. बायकोच्या नावावर फिरवलेला फ्लॅट, मेव्हण्याला 'विकलेली' गाडी, वाईट हेतूने हस्तांतर केलं असं दिसलं तर कलम ८ खाली त्यांच्याकडूनही घेता येतं. केंद्राचा २०१९ चा बड्स कायदाही आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा, त्यात फसवून पैसे बुडवले तर ३ ते १० वर्षं शिक्षा. कोणती कलमं लागतील ते पोलीस ठरवतील, तुम्ही अर्जात फक्त घडलं ते लिहायचं.

नाशिकने दोन्ही टोकं बघितलीत. २०१४ ला केबीसी नावाची पैसे गोळा करणारी कंपनी फुटली तेव्हा मुख्य माणूस बायकोसह सिंगापूरला निघून गेला होता, तो हाती लागला २०१६ मध्ये, आणि मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी 'थांबून बघू' केलं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात, पिंपळगावचे द्राक्षवाले होते, नाशिकरोड प्रेसमधले लोक होते, एक बाई तर मंगळसूत्राची पावती घेऊन आल्या होत्या. आणि २०१६ चं मैत्रेय, तीही अशीच ठेवी घेणारी कंपनी, गुन्हा इथे सरकारवाडा पोलीस ठाण्यात दाखल झाला आणि कोर्टाच्या देखरेखीखाली एस्क्रो अकाउंट, म्हणजे कंपनीला परस्पर काढता न येणारं खातं, उघडून त्यात कंपनीला पैसे भरायला लावले गेले, काही ठेवीदारांना त्यातून मिळालेही. सगळ्यांना मिळाले का, नाही. पण वाटायला काहीतरी जमा झालं ते गुन्हा दाखल झाल्यावरच, माणूस आणि मालमत्ता हाताशी असताना.

म्हणून सरांचं ते वाक्य, 'तक्रार केली तर पैसे अडकतील', ते उलटं करून वाचा. खात्यात पैसे असतील तर फ्रीझ झाल्यावर ते तिथेच राहतात, कुठे जात नाहीत. अडकतात ते सरांसाठी. आणि खात्यात पैसे नसतील तर अडकायला आहेच काय? महिन्याला ४ टक्के म्हणजे वर्षाला ४८, असा परतावा ट्रेडिंगमधून दरमहा न चुकता देणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही, तुमच्या बाबांना जे ४८ हजार मिळत होते ते बहुतेक नंतर आलेल्या मामांसारख्यांचेच होते. नवीन माणसं यायची थांबली की हप्ता थांबतो, यात सेबीचा काही दोष नाही, सेबीची ऑर्डर फक्त सांगायला चांगलं कारण होतं. या तीन महिन्यांत काय होतं ते मी सांगतो. पहिल्यांदा जे जोरात भांडतात त्यांना गुपचूप थोडे थोडे देऊन गप्प केलं जातं. मग 'रिन्यूअल'च्या नावाखाली जुनं ॲग्रीमेंट परत मागून नवीन देतात, नव्या फर्मच्या नावाने, आणि जुन्यावर 'रक्कम मिळाली' अशी सही घेतात. मग काहींना त्र्यंबक रोडला प्लॉट देतो म्हणतात. प्लॉटचं तर खास सांगतो, सातबारा आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढल्याशिवाय एक पाऊल टाकू नका, आणि काढल्यावर सगळं स्वच्छ दिसलं तरी उद्या तोच प्लॉट जप्तीच्या यादीत आला तर तुम्ही ठेवीदार न राहता माल फिरवून घेणारे ठरू शकता. बाबांच्या बाबतीत तर हे फारच वाईट दिसेल, नातेवाईकांचे पैसे बुडाले आणि यांनी प्लॉट घेतला.

आता बाबा. एमपीआयडीचं कलम ३ मालक, संचालक, भागीदार यांच्यावर थांबत नाही, धंदा 'चालवण्याची' जबाबदारी असलेल्या कोणत्याही माणसापर्यंत ते जातं, शिक्षा ६ वर्षांपर्यंत. बड्समध्ये तर वेगळं कलमच आहे, जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून दुसऱ्याला अशा योजनेत पैसे टाकायला लावणं. सगळा खेळ त्या 'जाणूनबुजून'मध्ये आहे. बाबांनी स्वतःचे १२ लाख घातलेत, ते त्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं कागदी बोलणं, ज्याला बुडणार हे माहीत असतं तो स्वतःची ग्रॅच्युइटी घालत नाही. त्यांच्या विरुद्ध जाणारं काय, तर कमिशन, आणि हप्ते थांबल्यानंतरचे मेसेज. हप्ते थांबल्यावर त्यांनी कोणाला 'टेन्शन घेऊ नका, मी आहे ना' असं लिहिलंय का? हप्ते थांबल्यावर नवीन एकही माणूस आणलाय का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर निभावता येतं, माणूस नातेवाईकाला धीर देतोच. दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर इथलं वाचणं थांबवा आणि आजच एखाद्या फौजदारी वकिलाकडे जाऊन बसा. आणि काहीही झालं तरी एकही मेसेज डिलीट करायचा नाही. मामांच्या फोनमध्ये तो आहेच, तुमच्या फोनमधून गेला तर फक्त एवढंच सिद्ध होतं की तुम्ही पुसला.

दोन माणसांची गोष्ट सांगतो, नावं अर्थातच नाही. एकाच स्कीममध्ये दोघं, दोघंही रिटायर्ड, दोघांनीही पंधरा-वीस जण जोडलेले. पहिले गुरुजी होते निफाडकडचे, त्यांनी वही ठेवली होती, कोणी किती दिले, किती आले, मला किती कमिशन मिळालं, सगळं पेन्सिलने. ते वही घेऊन स्वतः गेले, पहिल्या अर्जावर पहिली सही त्यांची, कमिशनचा आकडा त्यांनी स्वतः लिहिला आणि तेवढी रक्कम कोर्ट सांगेल तिथे भरायला तयार आहे असंही लिहिलं. ते केसमध्ये साक्षीदार आहेत. दुसऱ्यांनी आठ महिने सरांवर विश्वास ठेवला, मग बाकीच्या लोकांनी तक्रार केली, त्यात यांचं नाव आलं, जबाबात त्यांनी मला काहीच कमिशन नव्हतं असं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी स्टेटमेंटमध्ये निघालं. ते आरोपी झाले, अटकपूर्व जामिनासाठी धावपळ, पेन्शनचं खातं काही महिने गोठलेलं. दोघांचं नुकसान जवळपास सारखंच होतं, कमिशनही. मी हे घाबरवायला सांगत नाहीये आणि आधी गेलं म्हणजे शंभर टक्के सुटलं असंही नाहीये, शेवटी तपास करणाऱ्यावर आणि बाकीचे लोक काय जबाब देतात त्यावरही अवलंबून आहे. पण कमिशन स्वतः सांगणं आणि ते सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की यावर मी वाद घालत नाही.

आत्तापर्यंतचं गोळा करतो. थांबायचं नाही. सेबीची ऑर्डर वाचायची पण तिची वाट बघायची नाही. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेच्या दिशेने जाणार आहे. आणि बाबा त्यात पहिल्या रांगेत, सगळं उघड करून.

प्रत्यक्षात कसं करायचं. सगळ्यांच्या खात्यांची स्टेटमेंट बँकेतून शिक्क्यासकट काढा, ॲपमधली पीडीएफ नको. एक तक्ता करा, नाव, दिलेली तारीख, रक्कम, कोणत्या खात्यात, किती परत आले, कॅश दिली असेल तर कॅश लिहा, लपवू नका, तिथे कोण हजर होतं तेही लिहा. ॲग्रीमेंट, चेक, सरांनी सेमिनारला वाटलेली पत्रकं, ग्रुपचे स्क्रीनशॉट तारखेसकट, आणि शक्य असेल तर ग्रुप एक्सपोर्ट करून ठेवा, कारण ॲडमिन ग्रुप उडवतो. मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत, पोलिसांनी जप्त केले तर पंचनाम्यात नोंद करून. अर्ज ऑफिस ज्या हद्दीत आहे त्या शहर पोलीस ठाण्याला आणि प्रत आयुक्तालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेला, दोन्हीकडून पोच घ्यायची, पोच नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने. सिन्नरच्या भावांनी तिकडे ग्रामीणला वेगळी तक्रार करायची गरज नाही, एकाच गुन्ह्यात त्यांचे जबाब येतात. रक्कम मोठी आहे, वरून आदेश येऊ दे, तुम्ही दिवाणी दावा करा, असं कोणी तरी सांगणारच, एका ठिकाणी तर माझ्या पक्षकाराला 'साहेब कुंभमेळ्याच्या मीटिंगला गेलेत' हे उत्तर तीन आठवडे मिळालं. दाखल करून घेतलं नाही तर नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी पाठवायचं आणि मग मॅजिस्ट्रेटकडे जायचं, तो रस्ता आहे, त्याला वेळ लागतो पण तो बंद नाही.

त्या चेकबद्दल. बिनतारखेचा चेक म्हणजे सोन्याची अंडी नाही आणि रद्दीही नाही. तारीख टाकल्यापासून तीन महिन्यांत भरायचा, परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्यांना, आणि त्यानंतर एक महिन्यात कोर्टात तक्रार. या तारखांत एक दिवस इकडे तिकडे झाला की माफी मागत बसावं लागतं. आणि चेकवर रक्कम १२ लाख असेल पण ६ लाख ७२ हजार मिळालेत, तर पूर्ण रकमेचा चेक भरणं योग्य की नाही हे ॲग्रीमेंटमध्ये त्या हप्त्यांना काय म्हटलंय, व्याज की परतफेड, त्यावर आहे. इथे वकिलाला कागद दाखवूनच करा. पूर्वी आरोपी जामिनाच्या वेळी अमुक लाख भरतो असं लिहून द्यायचे आणि ठेवीदारांना त्यातून थोडंफार दिसायचं, पण जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा हमीवर जामीन देऊ नका असं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय, त्यामुळे 'अटक झाली की पैसे बाहेर येतील' हे जुनं गणित आता धरू नका.

किती परत मिळेल हे मला विचारू नका, खरंच. सरांनी एकूण किती गोळा केलेत, त्यातलं किती बाजारात बुडालं, किती क्रिप्टोत किंवा बाहेर गेलं आणि किती गाडी-बंगल्यात आहे त्यावर ते ठरतं, आणि दावे मंजूर करताना बहुतेक वेळा मिळालेले हप्ते मुद्दलातून वजा होतात. म्हणजे बाबांचा दावा १२ लाखांचा नाही, ३ लाख २८ हजारांच्या आसपासचा धरून चाला, मामांचा ४ लाख ६० हजारांचा. आणखी एक, ते महिन्याचे ४८ हजार आणि कमिशन रिटर्नमध्ये दाखवलंय का? नसेल तर सीएला आधी भेटा, कारण हे स्टेटमेंट आता तुम्ही स्वतःच सरकारी टेबलावर ठेवणार आहात. आणि गुन्हा पेपरात आला की 'आम्ही सेबीकडून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, ५ टक्के प्रोसेसिंग भरा' असे फोन येतील. बाबांना हे आजच सांगून ठेवा, एकदा फसलेल्या माणसाचा नंबर विकला जातो. भरलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

कमिशनचे २ लाख आत्ता नातेवाईकांना वाटून टाकावेत का असं तुमच्या मेसेजच्या शेवटी एका ओळीत आहे, तीच ओळ मला सगळ्यात आवडली. भावना बरोबर, पण गुपचूप नको. मामांना दिले आणि सिन्नरला नाही दिले तर उद्या सिन्नरवाले म्हणतील यांना माहीत होतं म्हणून आपल्या माणसाचे काढून घेतले. ती रक्कम बाबांच्या खात्यात वेगळी ठेवा, एफडी करून, आणि अर्जात त्या एफडीचा नंबर लिहा.

नऊ जणांना एकत्र बसवा, घरीच, आणि अर्ज करायच्या आधी. बोलायचं बाबांनी, तुम्ही नाही. तक्ता समोर ठेवायचा, त्यात त्यांच्या स्वतःच्या नावापुढे कमिशनचा रकाना असला पाहिजे, तो मामांनी विचारायच्या आधी त्यांनी वाचून दाखवायचा. चिडतील, मामी तर नक्कीच बोलतील, बोलू द्या. माझ्या अनुभवात त्या दिवशी दहापैकी सात-आठ जण त्याच अर्जावर सही करतात आणि उरलेले आठवड्याभरात करतात. जो एखादा 'मी सरांशी वेगळं बोलतो' म्हणून उठून जाईल त्याला अडवू नका, पण तो गेल्यावर अर्ज द्यायला दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, कारण तो गेल्यापासून तासाभरात सरांना सगळं कळलेलं असेल.